रेवागडचे चिटणीस

रेवागड नावाचं संस्थान कुठल्याही नकाशात सापडणार नाही. ते मी धारला अंथरुणात पडल्या पडल्या काढलं. सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं, माझं बी.ए. झालं होतं, लग्न जमत नव्हतं, आणि त्यात कावीळ. उसाचा रस पिऊन पिऊन वीट आला होता. धाकटा भाऊ इंदूरला कॉलेजात होता. कंटाळून मी त्याला एक कार्ड टाकलं: तू नर्मदेकाठच्या रेवागडचा किल्लेदार आहेस, पलीकडून एक नाव येते आहे, आत कोण आहे ते दिसत नाही, काय करतोस ते लिही. त्याचं उलट टपाली उत्तर आलं की मी दरवाजा लावून घेतला आणि तोफेला बत्ती दिली. मी कवड्या टाकल्या. कवड्या म्हणाल्या, तोफ लागली. मग मी त्याला कळवलं की नावेत नेमावरहून आलेले तुझेच व्याही होते, लग्नाचा आहेर घेऊन.

ते कार्ड त्याने, कोणी लिहिलं ते न सांगता, होस्टेलभर फिरवलं. मग त्याचा एक मित्र कोतवाल झाला, आमचा एक मावसभाऊ सावकार झाला, आणि बघता बघता इंदूर, देवास, उज्जैनहून मी कधी न पाहिलेल्या माणसांची कार्डं यायला लागली. आमच्याकडच्या मराठी घरांत एकाला काही मिळालं की ते सगळ्यांना कळतंच.

खेळ असा होता. संस्थानाच्या मी दोन पात्या केल्या, थोरली आणि धाकटी, देवासला होत्या तशाच. एका गावात दोन राजे असले की भांडणं आपोआप निघतात, लिहिणाऱ्याला डोकं खाजवावं लागत नाही. अमावास्येपर्यंत प्रत्येकाने आपली चाल कार्डावर लिहून पाठवायची, आणि ती आपल्या हुद्द्याच्या तोंडून, 'मी' म्हणून. सगळी कार्डं समोर घेऊन मी कवड्या टाकायची, कोणाचं साधलं, कोणाचं फसलं ते ठरवायची आणि सगळ्यांची मिळून एक हकिकत लिहायची. तिला आम्ही अखबार म्हणायचो, जुन्या दरबारी बातमीपत्रांना म्हणत तसं. पौर्णिमेला अखबार टपालात पडायचा. मी स्वतः चिटणीस. पत्ता असा: चिटणीस, संस्थान रेवागड, मार्फत, पुढे माझ्या वडिलांचं नाव, धार.

आणि एक नियम मी पहिल्या दिवसापासून घालून दिला होता. बोललेलं धरलं जाणार नाही, लिहिलेलंच धरलं जाईल. समोरासमोर भेटलात तर रेवागडचा विषय काढायचा नाही. हा नियम मी मुद्दाम केला. गणपतीत किंवा कोणाच्या मुंजीत आमची पुरुषमंडळी जमली की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, आणि आम्ही मुली आतून पुऱ्या पाठवत बसणार. कार्डावर सगळ्यांचा आवाज सारखा. माझ्या सगळ्या नियमांत मला त्याच एका नियमाचा अभिमान होता.

आता बाबांबद्दल. आमचं घराणं दरबाराबरोबर माळव्यात आलेलं, लेखणीवर जगणारं. बाबा कचेरीत नोकरी करत आणि संध्याकाळी घरातली जुनी पत्रं मोठ्याने वाचत. मी शेजारी बसून ऐकत वाढले, त्यामुळे 'विनंती विशेष' आणि 'येणेप्रमाणे' मला पोहे फोडणीला टाकण्याइतकं सोपं होतं. अक्षर मात्र माझं असं की माझंच मला दुसऱ्या दिवशी लागत नसे. बाबांचं अक्षर पाहून माणसं थांबत. म्हणून मी कच्चा अखबार लिहायची आणि बाबा कार्बन घालून त्याच्या प्रती काढायचे. शेवटची, फिकट प्रत माझ्याकडे राहायची. त्यांनी कधी त्यात एक शब्द बदलला नाही. हे मी त्यांच्या बाजूने सांगते, कारण पुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही.

धाकट्या पातीचे दिवाण देवासचे होते. जुनं दरबारी घराणं, तहसिलीतून निवृत्त झालेले, आणि लिहिणं असं की मी त्यांचं कार्ड मुद्दाम सगळ्यांत शेवटी वाचायला ठेवायची. बाकीचे खेळायचे, हे राज्य करायचे. दुष्काळात कोठार उघडायचं की नाही यावर त्यांनी कार्डाच्या कडेकडेने, पत्त्याच्या बाजूलाही लिहून पाठवलेलं मला आठवतं. प्रत्येक कार्डाच्या अखेरीला चिटणिसांची स्तुती. 'आपल्यासारखी लेखणी या माळव्यात आता उरली नाही. आपला लोभ हेच आमचे वतन.' मी ते वाचून गालातल्या गालात हसायची. त्यांना वाटत होतं की चिटणीस म्हणजे माझे वडील. का वाटू नये? पत्ता त्यांचा, अक्षर त्यांचं, आणि असली जुनी मराठी लिहिणारी कोणी बावीस-तेविशीची मुलगी असेल हे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. आमच्या पिढीची मुलं हिंदी शाळेत शिकलेली. मराठी वाचताना बोट ठेवून वाचायची.

म्हणून त्यांनी आपल्या मुलासाठी मला मागणी घातली. पत्रिका नंतर मागितली, आधी मागणी. चिटणिसांच्या घरची मुलगी हवी, बास.

बघायला आले तेव्हा मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. ते दारातच बाबांसमोर हात जोडून वाकले आणि म्हणाले, "खेळाबद्दल बोलायचं नाही हा आपलाच नियम. तो मी मोडणार नाही. पण मनात काय आहे ते आपण ओळखून आहातच."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपला लोभ आहे."

मलाही तेव्हा गंमत वाटली. लग्न होऊ दे, मग एके दिवशी मी सांगेन आणि दिवाणांचा चेहरा बघेन, असं मी ठरवून टाकलं. नवऱ्या मुलाच्या चेहऱ्याकडे माझं तेवढं लक्ष नव्हतं, हे खरं आहे.

देवासला आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की मामंजी सुनेशी बोलत नाहीत. राग म्हणून नव्हे, रीत म्हणून. त्या घरात सासऱ्याने सुनेला थेट हाक मारायची नाही, आणि सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. मी चार हातांवर उभी असले तरी ते भिंतीकडे बघून सासूबाईंना सांगत, "त्यांना म्हणावं, चहा." सासूबाई माझ्याकडे वळून म्हणत, "चहा." मी ऐकलेलंच असे, पण सासूबाईंचं सांगून होईपर्यंत हलायचं नाही. माझ्या धारच्या माहेरी असलं काही उरलं नव्हतं. इथे ते तुळशीइतकं जपलेलं होतं.

खेळ मी सोडला नाही. मामंजी कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकायचे. ते कार्ड इंदूरवरून धारला जायचं. बाबा सगळी कार्डं एका पाकिटात घालून वर 'चि. सौ.' लिहून मला पाठवायचे, आणि दिवाणांची चाल फिरून त्यांच्याच स्वयंपाकघरात यायची. पोस्टमन ओट्यावरून ओरडायचा, "बई, धार से कागद आयो!" मामंजी बाहेरच्या खोलीत बसलेले असायचे. दुपारी सगळे आडवे झाले की मी चुलीशेजारी पाट उपडा घालून लिहायची. सासूबाई एक डोळा उघडा ठेवून झोपायच्या. एकदा एवढंच म्हणाल्या, "माहेरचं टपाल फार जड असतं हो तुमचं."

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मजा यायची. ज्या महिन्यात मामंजींनी आमटी अळणी म्हणून ताट सरकवलं, त्या महिन्यात दिवाणांच्या कोठारात उंदीर झाले. एरवी कवड्यांशी मी कधी लबाडी केली नाही. उंदीर तेवढे माझे. त्यावर दिवाणांनी मांजरं पाळण्याची अशी काही योजना लिहून पाठवली की मला ती मान्य करावीच लागली.

पण हळूहळू ती मजा आंबत गेली. घरात पाहुणे आले की मामंजी बैठकीत सांगायचे, "सून चिटणिसांच्या घरची आणली. काय लेखणी त्या माणसाची! पण एक आहे, हा गुण मुलींत उतरत नाही. परवा किराण्याची यादी पाहिली, अक्षर पाहून घाबरलो." पाहुणे हसायचे. मी आत वांगी चिरत असायची. नवऱ्याला सांगितलं. तो कारखान्यात शिफ्टवर जाणारा साधा माणूस, पण साधेपणाने कोणाचं भलं होत नाही. त्याला लग्नानंतर लगेच मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "अरे, तर छान आहे ना. अण्णा खूश, तुझे बाबा खूश. तू क्यों टेंशन लेती है?"

अशात एकदा दिवाणांचं कार्ड आलं नाही, अंतर्देशीय आलं. चाल अशी नव्हतीच त्यात. लिहिलं होतं, 'दरबार मोठा आहे, पण ज्याच्याशी दोन शब्द बोलावे असे घरात कोणी नाही. मुलगा यंत्रांचा. कुटुंब देवाचे. सून आपल्या घरची, पण तिच्याशी बोलण्याची रीत नाही आणि बोलून तिला काय कळणार. आपणच एक आहात.'

ते मी चुलीपाशी वाचलं. मध्ये एक भिंत होती, आणि तीही अर्धीच, वर जाळी. त्यांचं खाकरणं मला ऐकू येत होतं. उत्तराच्या चार ओळी लिहून मी त्या बाबांकडे नकलेला पाठवल्या. त्या दिवशी मी ठरवलं की आता सांगायचंच, आणि नियमाप्रमाणे लिहून सांगायचं. पुढच्या अखबाराच्या तळाशी मी एक ओळ घातली: हा अखबार आणि यापूर्वीचे सर्व अखबार बाबांच्या कन्येने रचले, बाबांनी फक्त नक्कल केली, सर्वांनी नोंद घ्यावी. कच्चा कागद धारला पाठवला आणि पौर्णिमेची वाट पाहिली. मामंजींची प्रत आली. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि भिंतीला सांगितलं, "त्यांना म्हणावं, पाणी." दुसऱ्या दिवशी माझी फिकट प्रत आली. सगळा अखबार शब्दन् शब्द होता. ती ओळ नव्हती.

दसऱ्याला बाबा सोनं द्यायला देवासला आले. मामंजींनी त्यांना लोडाशी बसवलं, बाग गावच्या छापाची नवी चादर अंथरून. नियम मोडायचा नव्हता, म्हणून मामंजी नुसते त्यांच्याकडे बघत बसले होते, एखाद्या देवळात बसावं तसे. बाबा हात धुवायला मागच्या अंगणात आले तेव्हा मी गाठलं.

"ती ओळ का गाळलीत?"

"खाली जागा उरली नव्हती गं," बाबा म्हणाले. मग टॉवेलने एकेक बोट पुसत म्हणाले, "आणि तुझं त्यात नुकसान काय झालं? त्यामुळेच तर हे घर मिळालं."

मी जन्मात त्यांना उलट बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही. पण त्यांच्या ताटात पुरणपोळी वाढली ती तुपाशिवाय. बाबा वाईट नव्हते. कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांचे कागद लिहिणाऱ्या माणसासमोर पहिल्यांदा कोणी हात जोडून उभं राहिलं होतं, ते त्यांना सोडवेना. मला हे समजतं. समजलं म्हणून मी माफ केलेलं नाही.

ऐंशीचं दशक लागल्यावर बाबा गेले, झोपेतच. मी धारहून दिवस करून परत आले तर देवासला मामंजींनी शोकसभा ठरवली होती, तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. इंदूरचे सावकार आले, उज्जैनचे राजवैद्य आले. रेवागडची माणसं रेवागडची म्हणून एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होती. मामंजी उभे राहिले आणि म्हणाले की चिटणीस गेले, रेवागड गेलं. एवढंच बोलून ते खाली बसले. मी बायकांत मागे सतरंजीवर बसले होते. शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, वडील गेले म्हणून. मी रडत होते, ते वडील गेले म्हणूनही होतं.

पण रेवागड गेलं नव्हतं. त्या महिन्याची कार्डं माझ्या डब्यात होती. मी कवड्या टाकल्या, अखबार लिहिला, आणि त्या वेड्यावाकड्या अक्षरात सगळ्या प्रती स्वतः काढून देवासहून टपालात टाकल्या. पूर उतरल्यावर थोरल्या पातीच्या सेनेचा झालेला पराभव त्यात होता. मी लिहिलेल्यांतला तो सगळ्यांत चांगला अखबार होता, हे मी आजही सांगेन.

मामंजींनी तो सकाळी वाचला. दोनदा वाचला. मी दाराच्या चौकटीपाशी होते. ते सासूबाईंना म्हणाले, "व्याह्यांनी जाण्यापूर्वी लिहून ठेवलेलं दिसतंय. सूनबाईंनी उतरवून काढलं. त्यांना म्हणावं, अक्षर वाईट आहे, पण काम पुण्याचं केलंत."

मी चौकट ओलांडली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "मामंजी, हे मी लिहिलंय. पहिल्यापासून मीच लिहीत होते. बाबा नुसती नक्कल करायचे."

मामंजी भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी आणखी बोलले, आणि जे बोलले ते मी मुळीच बोलायला नको होतं असं सगळे म्हणतात. मी म्हणाले, "तुम्ही अंतर्देशीयात लिहिलं होतं की घरात बोलायला कोणी नाही. ते मला लिहिलं होतंत. उत्तरही मीच पाठवलं."

त्यांचे कान लाल झाले. ते सासूबाईंकडे वळले. "त्यांना म्हणावं," ते म्हणाले, "व्याह्यांनी आमची खाजगी पत्रं लेकीला दाखवली असतील, तो त्यांचा भोळेपणा. पण गेलेल्या माणसाचं श्रेय घेऊ नये."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. ते ऐकलेलं पुन्हा सांगायची रीतच होती. "गेलेल्या माणसाचं श्रेय घेऊ नये," त्या म्हणाल्या.

सगळ्या दुपारी मला लिहिताना पाहणारी ती बाई. मी विचारलं, "तुम्ही पाहिलंय ना मला?" त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय बाई त्यातलं," आणि कणिक मळायला बसल्या.

नवऱ्याला म्हटलं, तू तरी सांग. तो म्हणाला, "या वयात अण्णांना खोटं पाडू? जाऊ दे ना, खेळच तर आहे." भावाला लिहिलं की माझे कच्चे कागद बाबांच्या कपाटात आहेत, ते पाठवून दे. तोच पहिला किल्लेदार, त्याच्यापासूनच हा खेळ सुरू झाला होता. त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याचं उत्तर आलं: 'ताई, बाबांना गेल्यावर एवढा मान मिळतोय, लोग तारीफ कर रहे हैं. राहू दे ना त्यांचं नाव. तुला काय कमी आहे?' कागद आले नाहीत. त्या दोन ओळी मी इतक्यांदा वाचल्या की घडीवर कार्ड फाटलं.

पुढच्या अमावास्येला एकही चाल आली नाही. मामंजींनी सगळ्यांना कळवलं असणार. अखबार लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. दुसऱ्यांच्या चाली आल्याशिवाय चिटणिसाला एक ओळ लिहिता येत नाही, हाही माझाच नियम होता.

मग, पावसाळा संपता संपता, धारहून एक कार्ड फिरून आलं. भावाने पत्ता खोडून माझा घातला होता. वर लिहिलं होतं, चिटणीस, संस्थान रेवागड, मार्फत बाबांचं नाव. बाबा गेल्यानंतर मामंजींनी हे कार्ड पाठवलं होतं, कोपऱ्यावरच्या त्याच पेटीत टाकून. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं तेव्हा ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, पाय स्टुलावर, आणि पेपर वाचत होते.

'राजमान्य राजेश्री चिटणीस यांसी दिवाण, धाकटी पाती, यांचे अनेक दंडवत. विनंती विशेष. आपण जेथे असाल तेथे हे पोचेल असा भरवसा आहे. आपली कन्या आमच्या घरी आहे. आपल्या माघारी ती आपल्या लेखणीवर हक्क सांगते. दुःखाने बुद्धी फिरली असावी. ती आमची सून, तिला आम्ही काही बोलू शकत नाही. तरी आपण थोर आहात, आपण तिला क्षमा करावी. आपल्यावाचून घरात बोलायला कोणी नाही. लोभ असावा.'

नियमाप्रमाणे लिहिलेलं धरायचं. आलेल्या कार्डाला उत्तर देणं हे चिटणिसाचं काम होतं, आणि रेवागडला दुसरा चिटणीस नव्हता. मी ते कार्ड हातात धरून चुलीपाशी बसले. माझी तक्रार त्यांनी माझ्याकडेच केली होती, आणि मला 'आपण' म्हणून केली होती.

जाळीतून त्यांचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, चहा." सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चहा." मी आधण ठेवलं.